पाहणी आणि मोजणी

स्वतःचे वजन अंगावर छापून घेऊन जन्मास आलेली वस्तू माझ्या पाहण्यात पूर्वी कधी आली नव्हती. घरामागच्या मोकळ्या जागेत शेजारचा तरुण सकाळच्या कोवळ्या उन्हात एक लहानशी पिशवी उघडतो, तीतून करड्या रंगाचे एक घडीचे यंत्र काढतो, त्याचे चारही बाहू एकामागून एक उलगडतो आणि जमिनीवर अंथरलेल्या गोल कापडाच्या मध्यभागी ते ठेवून चार पावले मागे सरतो. क्षणभराने पाती फिरू लागतात, कडुनिंबावरच्या साळुंक्यांचा कलकलाट थांबतो आणि ते यंत्र डोळ्यांच्या पातळीवर येऊन किंचित थबकून सरळ वर निघून जाते. त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत ‘२४९ ग्रॅम’ असे छापलेले आहे. यंत्रावर कारखान्याचे नाव असावे, त्याच्या शक्तीचा आकडा असावा, हे मला परिचित आहे. पाण्याच्या पंपावर अश्वशक्ती लिहिलेली असते आणि मालमोटारीच्या दारावर ती किती भार वाहू शकते हे रंगवलेले असते. आपण किती हलके आहोत हेच ज्याने आपले पहिले लक्षण म्हणून सांगावे असे यंत्र मात्र मला नवे होते, आणि त्या आकड्याकडे पाहता पाहता मन बरेच दूरवर फिरून आले.

त्या आकड्याच्या पाठीमागे कायदा उभा आहे. २०१५ साली अमेरिकेत अशा यंत्रांच्या नोंदणीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या एका समितीने, आकाशातून निखळलेली वस्तू माणसाच्या डोक्यावर आदळली तर काय होईल याचा हिशेब मांडून, २५० ग्रॅम ही मर्यादा सुचविली, आणि पुढे अनेक देशांनी तीच आपल्या नियमांत उतरवून घेतली. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ रोजी जारी झालेल्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांचा ‘नॅनो’ आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतच्या यंत्रांचा ‘मायक्रो’ असे वर्ग पाडले. नॅनो चालविणाऱ्यास चालकाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. मायक्रो चालविणाऱ्यास ती अट हौसेपुरती माफ आहे. परंतु त्याच मायक्रोने चार पैसे मिळवावयाचे म्हटले की दहावीचा दाखला, मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण, चालकाचे प्रमाणपत्र असा सारा सरंजाम जुळवावा लागतो, आणि त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा, जो नॅनोस माफ आहे, तोही उतरवावा लागतो. कायद्याने एक रेघ ओढावी आणि कारखान्याने त्या रेघेच्या एका ग्रॅमाने अलीकडे येऊन उभे राहावे, असा हा प्रकार आहे. शेन्‌झेनच्या डीजेआय या कंपनीने २०१९ साली या जातीचे पहिले यंत्र बाजारात आणले तेव्हा जपानातील मर्यादा २०० ग्रॅमांची होती, म्हणून तेथल्यापुरती बॅटरी लहान करून तेच यंत्र १९९ ग्रॅमांचे करण्यात आले. आणि २०२२ च्या जूनमध्ये जपानने आपली रेघ १०० ग्रॅमांपर्यंत खाली आणली तेव्हा कारागिरांनी एकेक ग्रॅम खरवडून साधलेली ती युक्ती तेथे निरुपयोगी ठरली. माणसाच्या डोक्याचे रक्षण व्हावे म्हणून केलेला हिशेब एका वस्तूच्या देहाचा आकार ठरवितो, ही गोष्ट मला मोठी विलक्षण वाटते. त्या तरुणाच्या तळहातावर बसणाऱ्या यंत्राची सडसडीत काया कोण्या शिल्पकाराच्या लहरीतून आलेली नाही. ती एका भयातून आणि त्या भयाच्या गणितातून आलेली आहे.

हे यंत्र त्याने पुण्याच्या एका छायाचित्रकाराकडून, नोंदणीच्या क्रमांकासह, जुन्या किमतीत घेतले. तयार ड्रोनची परदेशांतून होणारी आयात २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारने बंद केली, त्याच्या आधी ते या देशात आलेले होते. आमच्या सासवडच्या आसपास त्याला काम पुष्कळ आहे. लग्ने आहेत, जत्रा आहेत, सीताफळाच्या आणि अंजिराच्या बागा आहेत, ज्यांचे मालक आपली बाग वरून कशी दिसते हे पाहण्यास उत्सुक असतात. नव्या वसाहतींच्या जाहिराती आहेत, छपरांवर मांडलेल्या सौर पत्र्यांच्या रांगा आहेत, आणि एखाद्या देवळाचा कळस उतरवून पुन्हा चढविण्यापूर्वी शिखराला कोठे तडा गेला आहे हे पाहण्याचे कामही मधूनमधून निघते. या शेवटच्या कामात मला विशेष रस वाटतो. पूर्वी शिखरावर चढण्यासाठी बांबूंची परांची बांधावी लागे, तिच्यावर चढणाऱ्याचा जीव टांगणीला लागे, आणि खाली उभे असलेल्या विश्वस्त मंडळींना त्याने वरून ओरडून सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवावा लागे. आता ती मंडळी सभामंडपात बसून पडद्यावर त्या तड्यातून उगवलेल्या पिंपळाची दोन पाने निरखतात.

अशा कामांत यंत्राचे लहानपण हाच त्याचा गुण असतो, हे मी त्याच्याबरोबर हिंडून पाहिले आहे. जुन्या वाड्याच्या चौकात, जेथे चारी बाजूंनी सोपे आणि वर आकाशाचा एक चौकोन एवढेच असते, तेथे मोठे यंत्र उतरविण्याचे धाडस कोणी करू नये. त्याच्या पात्यांचा वारा समया विझवील, अक्षता उधळील आणि अंतरपाट हातांतून ओढून घेईल. हे लहान यंत्र पाहुण्यांच्या डोक्यांवरून, पुरेसे अंतर राखून, मंगलाष्टकांच्या सुरांत आपला आवाज विरघळवीत जाते, आणि थोड्या वेळाने त्याचे अस्तित्व लोक विसरतात. लोक विसरले की त्यांचे चेहरे खरे होतात. नवरीच्या आजीने पदराने डोळे टिपले तो क्षण त्याच्या एका चित्रफितीत आहे. तो क्षण एखाद्या दांडग्या, गर्जणाऱ्या यंत्राला दिसला नसता, कारण आजीने आधी वर पाहिले असते.

तरीही त्याच्या भोवतालचा प्रत्येक जण त्याला मोठे यंत्र घेण्यास सांगतो. गिऱ्हाईक पहिल्या भेटीत पिशवीकडे पाहते आणि ‘एवढेच का?’ असे विचारते. ज्या मंगल कार्यालयात दुसऱ्या कोणी चार फुटी पेटीतून आपले यंत्र काढलेले असते तेथे याच्या कामाला कमी पैसे देऊ केले जातात, मग चित्र कोणाचे चांगले आले हे कोणी विचारीत नाही. व्यवसायात आकाराला एक भाषा असते, आणि ती भाषा बाजाराला लवकर समजते. परंतु जे कसब तळहाताएवढ्या वस्तूतून प्रकट होते त्याला आपण हौस म्हणावे आणि जे कर्ज काढून आणलेल्या पेटीतून बाहेर येते त्याला धंदा म्हणावे, ही विभागणी मला अन्यायाची वाटते, आणि ती फार जुनी आहे.

जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ क्रोनबेर्ग नावाचे एक गाव आहे. तेथे ज्युलिअस न्यूब्रोनर नावाचा एक औषधविक्रेता होता, आणि तो तातडीची औषधे कबुतरांच्या पाठीवरून पाठवीत असे. आपली कबुतरे कोणत्या वाटेने जातात या कुतूहलातून त्याने त्यांच्या छातीवर बांधता येईल असा, ७५ ग्रॅमांपर्यंत वजनाचा, आपोआप उघडझाप करणारा कॅमेरा घडविला. पेटंटच्या कचेरीने त्याचा अर्ज प्रथम नाकारला, कारण कबुतराला एवढे ओझे उचलणार नाही असे तेथल्या अधिकाऱ्यांचे मत होते. त्याने प्रत्यक्ष घेतलेली छायाचित्रे पुढे ठेवली तेव्हा १९०८ साली त्याला ते मिळाले. पुढच्या वर्षी ड्रेस्डेनच्या प्रदर्शनात ही कबुतरे येऊन उतरत, त्यांनी आणलेली चित्रे तेथेच धुतली जात, आणि त्यांची पोस्टकार्डे लोक विकत घेत. एका चित्रात कबुतराचेच दोन पंख दोन्ही कडांना आलेले आहेत. अगदी त्याच सुमारास अमेरिकेत जॉर्ज लॉरेन्स नावाचा छायाचित्रकार उलट्या दिशेने चालला होता. १९०६ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचे चित्र घेण्यासाठी त्याने सुमारे २२ किलो वजनाचा कॅमेरा सतरा पतंगांच्या माळेला बांधून समुद्राच्या खाडीवर दोन हजार फूट उंच चढविला. आणि त्या एका चित्रात पडलेल्या शहराचा रस्ता न् रस्ता मोजून घ्यावा इतका स्पष्ट आहे. या दोघांपैकी मोठा कोण, हा प्रश्न मनात आणून मी कित्येकदा बाजूला सारला आहे. कबुतर कोठे वळेल हे न्यूब्रोनरच्या हाती नव्हते, आणि त्याची पोस्टकार्डे घेणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती. त्याला पक्ष्याने पाहिलेले जग हवे होते. लॉरेन्सचे चित्र घेणाऱ्याला आपली गल्ली हवी होती, आपल्या घराची जागा हवी होती, तेथे आता काय उरले आहे हे हवे होते.

मोठ्या यंत्रात अधिक काय असते हे त्या तरुणाने मला शांतपणे समजावून दिले, आणि ते समजून घेताना मला पुष्कळ आनंद झाला. या लहान यंत्राच्या डोळ्यामागचा प्रकाश टिपणारा तुकडा जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच आहे. त्याहून वरच्या पायरीवरच्या यंत्रात तो क्षेत्रफळाने चौपट, आणि त्याहूनही वरच्यात आठपट असतो. भर उन्हात हा भेद सहसा दिसत नाही. सूर्य मावळतीस गेला, मांडवातले दिवे लागले, वरात निघाली, की लहान डोळ्याला अंधारात दाणे दिसू लागतात आणि मोठा डोळा शालूचा रंग शालूसारखाच पाहत राहतो. दुसरा भेद वाऱ्याचा. दिवे घाटाच्या माथ्यावर वैशाखातल्या दुपारी पश्चिमेकडून जो वारा चढतो त्याच्यापुढे हे पावशेराचे यंत्र तिरपे होऊन झगडत राहते, आणि कागदावर लिहिलेली अर्ध्या तासाची बॅटरी त्या झगड्यात फार आधी संपते. घार मात्र त्याच वाऱ्यावर पंख न हलविता वर्तुळे घेत असते, आणि कधी या आगंतुकाला हुसकून लावण्यासाठी त्याच्यावर झेपही घालते. तिसरा भेद असा की पुष्कळशा लहान यंत्रांत चित्र एकदम टिपले जात नाही. ते ओळीओळीने वाचले जाते, आणि पहिली ओळ वाचून शेवटची ओळ येईपर्यंत यंत्र पुढे सरकलेले असते, त्यामुळे सरळ भिंत किंचित कलते. मोजणीसाठी बनविलेल्या यंत्रात पडदा खरोखरच उघडतो आणि मिटतो, आणि चित्रातले सारे बिंदू एकाच क्षणाचे असतात. शिवाय ते जमिनीवरच्या एका स्थिर केंद्राशी सतत संधान ठेवून आपण कोठे आहोत हे काही सेंटिमीटरांपर्यंत जाणते. लहान यंत्राला आपले ठिकाण काही मीटरांच्या आतबाहेरच ठाऊक असते. वरातीच्या चित्राला मीटराची चूक चालते. नवरदेवाचा घोडा दोन हात इकडे की तिकडे, हे कोणी विचारीत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे एका खडीच्या कारखान्यातून काम आले. तेथे खडीचे तीन मोठे ढीग पडलेले होते, आणि त्यांत एकंदर किती ब्रास माल आहे हे वरून चित्रे घेऊन काढून द्यावयाचे होते. चित्रांवर चित्रे निम्म्याहून अधिक चढवीत, ढिगाला सर्व बाजूंनी टिपीत गेले की संगणक त्यातून ढिगाचा आकार उभा करतो, आणि आकार उभा राहिला की घनफळ निघते. हे काम या लहान यंत्राने होतच नाही असे नाही. जमिनीवर चुन्याने खुणा केल्या, त्यांच्यामधील अंतर फीत धरून मोजले आणि ते संगणकाला सांगितले, तर उत्तर बरेच जवळ येते. परंतु ‘बरेच जवळ’ हे शब्द उच्चारताना तो थांबला, आणि मलाही तेथेच थांबावेसे वाटले. त्या आकड्यावर वाहतुकीचे बिल निघणार, सरकारी स्वामित्वधन भरले जाणार, भागीदारांचा हिशेब मिटणार. जे चित्र इतके दिवस लोकांनी कौतुकाने पाहिले त्याच्यावर आता कोणी तरी पैसे मोजून देणार किंवा नाकारणार होते. यंत्र तेच, उडविणारा तोच, आकाश तेच. चित्राकडून अपेक्षा बदलली होती, आणि त्या अपेक्षेचे वजन नियमांच्या कोणत्याही तराजूत घातलेले नव्हते. कायद्याने वस्तू डोक्यावर पडली तर काय होईल एवढाच विचार केला आहे, आणि तो त्याने करावयासच हवा होता. वस्तूने आणलेला आकडा एखाद्याच्या संसारावर पडला तर काय होईल, हा विचार उडविणाऱ्याने करावयाचा राहिला.

हा विचार मला इतका जवळचा वाटण्याचे कारण माझे वडील भूमापन खात्यात भूकरमापक होते. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद तो एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे कोष्टक मी पाढ्यांच्या आधी शिकलो. सुट्टीत ते मला कधी मोजणीवर नेत. अर्ज आलेला असे, लगतच्या खातेदारांना नोटिसा बजावलेल्या असत, पंच जमलेले असत, आणि दोन भाऊ बांधाच्या दोन बाजूंना एकमेकांकडे न पाहता उभे असत. वडील प्रथम जुने टिपण काढून त्यावरची हद्दीच्या दगडांची ठिकाणे वाचीत, मग ते दगड शोधीत. एखादा दगड नांगराने उपटून विहिरीच्या काठाला गेलेला असे आणि एखादा कोणी मुद्दाम हलविलेला असे. साखळी ओढण्यास दोन माणसे, शंकू धरण्यास एक, आणि वडिलांच्या हाती फलक आणि पेन्सिल. मला आठवते ते असे की त्या साऱ्या माणसांचे डोळे साखळीवर नसत. ते वडिलांच्या पेन्सिलीवर असत. ती पेन्सिल कागदावर जेथे टेकेल तेथून एखाद्याची चार सऱ्या ज्वारी जाणार होती. वडील स्वतःचे पाणी बरोबर नेत. उन्हाळ्यात कितीही कोरड पडली तरी दोघांपैकी कोणाच्याही घरचा तांब्या ते तोंडाला लावीत नसत, आणि गावकऱ्यांना त्याचा राग येत नसे. मोजणीच्या दिवशी पाणी नाकारणारा माणूस त्यांना समजत असे. काम संपल्यावर ते दोन्ही भावांना बोलावून कागद दाखवीत, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचीत, आणि ज्याला मान्य नसेल त्याने निमताना मोजणीसाठी वर अर्ज करावा, हेही स्वतःच सांगत.

हत्याराच्या थोरपणाविषयी त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक कर्नल लॅम्टनची. १८०२ साली मद्रासजवळ त्याने हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला तेव्हा त्याच्या थिओडोलाइट यंत्राचे वजन सुमारे अर्धा टन होते. ते १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटून आपटले आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्टनने तंबूत स्वतःला कोंडून घेऊन कित्येक आठवडे खपून ते आपल्या हातांनी सरळ केले. त्याने वीस वर्षे ते यंत्र उत्तरेकडे ओढीत नेले आणि जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे प्राण सोडला. त्याचे थडगे तेथे आहे. दुसरी गोष्ट आमच्याच पुणे जिल्ह्याची. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर आकार बसविण्याची मोठी सूक्ष्म, विद्वत्तेने भरलेली पद्धत अमलात आणली; तिच्यातले गणित इतके बारीक होते की खालच्या कारकुनांनी भरलेले खोटे आकडे त्या बारकाव्यात सहज लपले, रयत बुडाली आणि गावे ओस पडली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात, १८३६ पासून, पुष्कळ साधी पद्धत सुरू केली, आणि तीच पुढे मुंबई इलाखाभर रुजली. वडील या दोन गोष्टी नेहमी एकत्र सांगत आणि त्यांचा समन्वय करण्याचे काम माझ्यावर सोडीत. लॅम्टनचे अर्ध्या टनाचे यंत्र नकाशाच्या ज्या चौकटीसाठी होते ती चौकट साखळीने कधी साधली नसती. आणि बांधावरच्या दोन भावांपुढे ते यंत्र नेऊन उभे केले असते तर त्याने त्यांच्यातले काहीही मिटले नसते.

सोनोरी हे गाव सासवडहून फार दूर नाही. वर मल्हारगड आहे, खाली पानशांची गढी आहे, ज्या पानशांकडे पेशव्यांचा तोफखाना होता. गावठाणातल्या घरांच्या मोजणीची ‘स्वामित्व’ योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली त्याच्या आधीच या गावात गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी प्रयोगादाखल झाली. आपल्याकडे शेताला सात-बारा असतो. परंतु गावठाणातल्या घराला, त्यावर शेतसारा नसल्याने, बहुसंख्य लहान गावांत मोजणीचा कागदच नव्हता. पिढ्यान् पिढ्या वहिवाट हाच दाखला. भारतीय सर्वेक्षण विभागाची यंत्रे आली ती सासवडच्या आमच्या तरुणाच्या यंत्रासारखी नव्हेत; ती मोजणीसाठीच घडविलेली.  या साऱ्या हकिगतीत माझ्या मनाला जो भाग भिडला तो यंत्राचा नाही. यंत्र उडण्यापूर्वी गावकऱ्यांना आपापल्या घराच्या आणि अंगणाच्या हद्दी पांढऱ्या चुन्याने आखून ठेवाव्या लागतात. सेंटिमीटरापर्यंत पाहणाऱ्या त्या डोळ्याला भिंत दिसते, पत्रा दिसतो, उकिरडा दिसतो. हद्द दिसत नाही. हद्द ही शेजाऱ्याशी बोलून, भांडून, समजूत घालून, हाती चुन्याची फक्की घेऊन, वाकून घालावी लागते. एका म्हातारीने अंगणातली तुळस आपल्या आखणीत घेतली की शेजारणीच्या, यावरून गल्लीत दुपारभर चाललेली चर्चा कोणत्याही उंचीवरून टिपता येणार नाही. आणि ती चर्चा झाली नसती तर वरच्या यंत्राने काय पाहिले असते?

हेच यंत्र घराच्या हक्काची सनद घेऊन येते तसे नोटीसही घेऊन येते. २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या पुरंदर तालुक्यात विमानतळासाठी घ्यावयाच्या जमिनींची ड्रोनने मोजणी करण्यास माणसे आली तेव्हा कुंभारवळण आणि आसपासच्या गावांतील लोक रस्त्यावर उतरले. सोनोरीचे लोक आणि हे लोक एकाच बाजाराला येतात. एका गावाने ज्याच्यासाठी अंगण सारवून चुना घातला त्याच आवाजाला दुसऱ्या गावाने विरोध केला, यात मला विसंगती दिसत नाही. डोक्यावरून जाणारा तो डोळा कोणासाठी पाहतो आहे, हे खाली उभ्या असलेल्या माणसाला जाणण्याचा अधिकार आहे, आणि यंत्र अडीचशे ग्रॅमांचे की पंचवीस किलोंचे याने त्या अधिकारात काडीमात्र फरक पडत नाही. तेव्हापासून आमचा तरुण बागेची चित्रे घेण्यापूर्वी शेजारच्या रानात जाऊन सांगून येतो. कायद्याने त्याला ते सांगितलेले नाही.

खडीच्या ढिगांचे काम त्याने घेतले, परंतु बिलाबरोबर एक कागद जोडून दिला: खुणा कोठे घातल्या, अंतरे कशी मोजली, उत्तर किती ब्रासने इकडेतिकडे असू शकेल. कारखानदाराने तो कागद वाचून प्रथम कपाळाला आठ्या घातल्या आणि मग तो फाइलीत लावून घेतला. त्याच महिन्यात दोन भाऊ त्याच्याकडे आले आणि आमच्या शेताचा वरून नकाशा काढून दे, म्हणजे बांध कोठून जातो हे एकदाचे कळेल, असे म्हणू लागले. पैसे त्यांनी आगाऊ पुढे केले होते. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘काका, चित्र काढून देईन, पण त्यावर रेघ नाही ओढणार.’ मी त्याला विचारले, ‘आणि त्यांनी घरी जाऊन स्वतः ओढली तर?’ त्याने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने त्या भावांना मोजणीच्या कचेरीची वाट दाखविली आणि अर्ज भरण्यास बरोबर गेला. मला वडिलांचा पाण्याचा फिरकीचा तांब्या आठवला, आणि त्या मुलाविषयी जे वाटले ते मी येथे लिहून ठेवतो: ज्या दिवशी आपले हत्यार काय पाहू शकत नाही हे तो न संकोचता गिऱ्हाइकाला सांगू लागला त्या दिवसापासून तो माझ्या दृष्टीने या व्यवसायातला पुरा माणूस झाला, मग त्याच्या पिशवीत काहीही असो.

मोठे यंत्र त्याला हवे आहे. ती इच्छा लोकांच्या टोचणीतून आलेली आता राहिली नाही. बंधाऱ्यांतला गाळ, ओढ्यांची पात्रे, दरड कोसळलेल्या उतारांचे आकार, गारपिटीनंतर पंचनाम्याला उपयोगी पडेल अशी बागांची नोंद, ही कामे आमच्या भागात पडून आहेत, आणि ती अचूक व्हावीत असे त्याला मनापासून वाटते. देशी बनावटीच्या मोजणीयंत्राची किंमत त्याच्या एकट्याच्या आवाक्यात नाही, आणि लग्नसराईच्या मिळकतीवर तेवढे कर्ज उचलणे त्याला रास्त वाटत नाही; कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस नको ती कामे स्वीकारतो, हे त्याने जवळून पाहिले आहे. म्हणून जेजुरीचा एक आणि नीरेचा एक असे दोन मित्र मिळून तिघांत एक यंत्र घ्यावे असे घाटते आहे. लहान यंत्रे ज्याची त्याच्याजवळ राहतील, लग्ने आणि कळस ज्याचे त्याने करावेत, आणि मोजणीचे काम आले की मोठे यंत्र बाहेर काढावे. प्रशिक्षणाचे वर्ग तिघांनीही पुरे केले आहेत. यंत्र कोणाच्या घरी राहील, बॅटऱ्या कोण भरून ठेवील, विम्याचा हप्ता आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटून घ्यावयाचा, हे सारे एका वहीत लिहून झाले आहे. नकाशाखाली सही कोणाची, या एका कलमावर मात्र त्यांचे अजून जमलेले नाही. जेजुरीच्या मित्राचे म्हणणे, ज्याने उडविले त्याची. नीरेचा म्हणतो, तिघांचीही हवी. आणि आमच्या तरुणाचा आग्रह असा की ज्याने जमिनीवरच्या खुणा स्वतः चालून मोजल्या त्याची. येत्या रविवारी ते आमच्या ओसरीवर पुन्हा बसणार आहेत.